दुसरा घाणा

पहिला घाणा बसला.
सहाच्या सहा मधोमध खचले.
एक मी उभा चिरला, खिडकीशी नेला
आणि चाळीस वर्षांच्या सवयीनं भोकं मोजली.
फौंड्रीत याला ब्लोहोल म्हणतात.
कारणं तीन: वाळू ओली, रस थंड,
नाहीतर मोल्डरची घाई.

इथं वाळू नाही. ओट्स आहेत,
मिक्सरला फिरवलेले, थोडं पीठ, थोडा भरडा.
पुडक्यावर एका अंगाला कन्नड, दुसऱ्या अंगाला इंग्रजी.
शेजारच्या निलव्वानं वाचून दाखवलं.
ती वाचते कन्नडात, सांगते मराठीत
आणि आकड्यापाशी आली
की दोन्ही सोडून बोटं दाखवते.

काळी पडलेली केळी चार.
गूळ बेतानं, डॉक्टरांच्या चिठ्ठीत मावेल एवढा.
खानापूरच्या जंगलातनं आलेल्या बाईकडची करवंदं,
पळसाच्या द्रोणात मापलेली.
पुडक्यावरच्या चित्रात निळी बोरं आहेत.
ती शनिवार खुटावर मिळत नाहीत.

साचा मात्र माझा.
दुकानातले लहान तरी होते, नाहीतर उथळ.
पॅटर्न घरी कोरला, सागाच्या तुकड्यातनं.
भावकाण्णा अजून उद्यमबागेत आहे,
त्यानं मालक जेवायला गेल्यावर
कोरं ॲल्युमिनियम ओतून दिलं
आणि विचारलं, हे कुठल्या मशीनचं?

माप द्रौपदाच्या डाव्या मुठीचं.
ती झोपलेली असताना दोऱ्यानं घेतलं.
वर आकुंचनाची सूट धरली,
धातू थंड होताना आकसतो म्हणून,
आणि हात भरलाच होता, तर थोडी जास्तच.
पिठाचं उलटं. ते फुगतं.
हे मला कुठल्या फोरमननं सांगितलं नव्हतं.

तिचा उजवा हात दिवाळीपासून मांडीवर असतो,
घडी घालून ठेवलेल्या टॉवेलासारखा.
भाकरी मोडायला दोन हात लागतात.
जन्मभर खाऊन हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं.
आता मी मोडून देतो, कालवून देतो.
ती खाते,
पण बघते भिंतीवरच्या कॅलेंडरकडं.

दुसऱ्या घाण्याला घाई केली नाही.
कालवताना दहा फेरे, बास.
गुठळ्या राहिल्या, राहू देत.
माझ्या हाताला वाळू ठोकायची सवय,
मधेच चमचा दाबायला लागायचा.
त्याला दम दिला.

बाविसाव्या मिनिटाला लाइट गेली.
भट्टीचं दार उघडायचं नाही, एवढं मला कळतं.
मी ओव्हनवर तळहात ठेवून उभा राहिलो,
आतली ऊब कुठवर टिकते ते बघत.
"काय करूलाय ओ अंधारात?"
"कायनी."
"मग वास कसला?"
आणि पुष्कळ दिवसांनी ती हसली,
अर्ध्या तोंडानं, म्हणजे आवाजावरनं तसं वाटलं.

वास गल्लीत गेला असणार.
निलव्वा मेणबत्ती आणील वाटलं होतं,
ती बशी घेऊन आली.

लाइट आल्यावर काढले.
चार उभे, दोन कलंडलेले.
इन्स्पेक्शनला दोन बाद झाले असते.
निलव्वानं तेच दोन घेतले,
एक उभ्या उभ्या संपवला,
"छलो आग्याव्री," म्हणाली,
आणि दुसरा पदराखाली नातवासाठी.

द्रौपदानं एक उचलला.
मुठीत नीट मावला नाही, बोटं पुरी मिटेनात.
तरी सोडला नाही.
करवंदाचा रस मनगटावरनं कोपरापर्यंत गेला.
पुसायला मी फडकं पुढं केलं,
तिनं मानेनंच नको म्हटलं.
कॅलेंडरकडं बघितलं नाही.

"गूळ कमी पडलाय," म्हणाली,
आणि रिकामा डावा हात
पुन्हा पुढं आला.

मी वहीत नोंद केली:
सूट धरायची नाही.
करवंदं आणखी मूठभर.
गूळ आहे तेवढाच.